नखांचा सोरायसिस आणि सोरायटिक संधिवात : ओळख, तपासण्या, उपचार आणि रोजचे व्यवहार

सोरायसिस या, त्वचेवर पापुद्र्यांचे चट्टे उठवणाऱ्या दीर्घकाळच्या आजारात कोणत्याही वेळी पाहिले तर जवळपास निम्म्या लोकांच्या नखांमध्ये बदल दिसतात, आणि तरीही त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेला रुग्ण कोपरे, गुडघे आणि डोक्यातले पापुद्रे दाखवतो, नखे दाखवायची मात्र राहून जातात. नख जाड झाले की घरात ‘बुरशी असेल’ असे म्हणतात, बोटांचे सांधे आखडले की ‘वात आहे’ किंवा ‘आता वय झाले’ असे म्हणतात, आणि या दोन तक्रारी एकाच आजाराच्या असतील हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जागतिक आकडेवारी पाहिली तर सोरायसिसच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना पुढे सोरायसिसशी जोडलेला सांध्यांचा आजार, म्हणजे सोरायटिक संधिवात, होतो. भारतीय पाहण्यांत हे प्रमाण बरेचदा याहून कमी आढळले आहे. ज्यांची नखे बिघडलेली आहेत त्यांच्यात मात्र सांधे धरण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, आणि सोरायटिक संधिवात झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या नखांत काही ना काही दोष सापडतोच. म्हणून या लेखात नख आणि सांधा यांचा विचार वेगवेगळा न करता, रुग्णाने कोणत्या क्रमाने काय करावे या दृष्टीने एकत्र केला आहे.

नखाचा सांध्याशी संबंध काय

बोट सरळ करणारा कंडरा बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून पुढे जाऊन हाडाला चिकटतो, आणि त्याचे तंतू तिथेच न थांबता नखाच्या मुळाभोवती पसरलेले असतात. कंडरा किंवा अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतो ती जागा सोरायटिक संधिवातात विशेष करून सुजते. त्यामुळे शेवटच्या पेराच्या सांध्यातली सूज आणि त्याच बोटाच्या नखातला बिघाड अनेकदा बरोबरीने दिसतात. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, शेवटच्या पेराला सहसा सूज येत नाही. वयोमानाने होणाऱ्या सांध्यांच्या झिजेत तो पेर दुखतो खरा, पण नख शाबूत असते. ज्या बोटाचा शेवटचा सांधा सुजला आहे त्याच बोटाचे नखही बिघडलेले असेल, तर ही जोडी डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.

बहुतेकांच्या त्वचेवर आधी चट्टे येतात आणि सांधे त्यानंतर कधीकधी दहा वर्षांनी धरतात. तथापि साधारण सातातल्या एका रुग्णात सांध्यांचा त्रास त्वचेच्या आधी सुरू होतो. अशा वेळी डोक्यातला, कानामागचा, बेंबीतला किंवा दोन नितंबांमधल्या खाचेतला एखादा लहानसा चट्टा आणि नखांवरचे चार खड्डे एवढाच पुरावा हाती असतो, आणि रुग्णाने तो दाखवला नाही तर डॉक्टरांनाही दिसत नाही.

पहिली पायरी : दिवसाउजेडी नखे पाहणे

नेलपॉलिश पूर्ण काढून, हात धुऊन कोरडे करून, खिडकीजवळच्या उजेडात दहाही नखे तिरपी धरून पाहावीत. मेंदीचा रंग चढलेला असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे. नखाच्या मुळाशी, म्हणजे जिथे नख तयार होते तिथे, आजार असेल तर नखाच्या पृष्ठभागावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडतात, पांढरे ठिपके येतात, मुळाजवळच्या अर्धचंद्रावर लाल ठिपके दिसतात, आणि आजार जोराचा असेल तर नख भुसभुशीत होऊन त्याचा चुरा पडतो. नखाखालच्या गादीत आजार असेल तर चित्र वेगळे असते. नखातून पिवळट-तांबूस डाग दिसतो, त्याला डॉक्टर ‘तेलाचा थेंब’ म्हणतात. टोकाकडून नख गादीपासून सुटते आणि सुटलेला भाग पांढरा दिसतो. नखाखाली खपलीसारखा थर साचतो आणि लाल-काळ्या बारीक उभ्या रेघा उमटतात. एकाच नखात दोन्ही प्रकार असू शकतात.

मोजमापासाठी डॉक्टर २००३ मध्ये मांडलेली ‘नॅप्सी’ नावाची पद्धत वापरतात. त्यात प्रत्येक नखाचे मनाने चार भाग करायचे, किती भागांत मुळाचा दोष आहे आणि किती भागांत गादीचा दोष आहे ते मोजायचे, म्हणजे एका नखाला जास्तीत जास्त आठ आणि दोन्ही हातांना मिळून ऐंशी गुण होतात. रुग्णाने एवढे गणित करण्याची गरज नाही, परंतु महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून दोन्ही अंगठ्यांचे आणि सर्वांत बिघडलेल्या बोटाचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे संपूर्ण नवे नख यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचे नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष जाते. औषध लागू पडले तर सुधारणा आधी मुळाशी दिसते आणि ती हळूहळू टोकाकडे सरकते. ‘महिनाभर लावले, काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्यांनी नखाच्या वाढीचा हा वेग विचारातच घेतलेला नसतो.

बुरशीचा संसर्ग आणि सोरायसिस यांत गल्लत फार होते. बुरशी बहुधा पायाच्या एकदोन नखांपासून सुरू होते आणि तिच्यात खड्डे सहसा पडत नाहीत. सोरायसिस हाताच्या अनेक नखांत एकाच वेळी दिसू शकतो. पण हे ठोकताळे आहेत. शिवाय सोरायसिसमुळे सुटलेल्या नखात बुरशी मागाहून शिरू शकते आणि मग दोन्ही एकत्र नांदतात. म्हणून तीन-तीन महिने बुरशीच्या गोळ्या घेण्याआधी नखाचा तुकडा आणि खालचा चुरा तपासायला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ही केओएच तपासणी साधी आणि स्वस्त असते, आणि शंका राहिली तर कल्चर करता येते किंवा नखाचा तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवता येतो. टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या गोळीने काहींचा सोरायसिस उफाळल्याच्या नोंदी आहेत, हेही अंदाजाने गोळ्या सुरू न करण्याचे एक कारण आहे. चाई पडलेल्या लोकांच्या नखांतही खड्डे पडतात, मात्र ते अधिक बारीक आणि ओळीत असतात. एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी काळी उभी पट्टी असेल तर ती सोरायसिसच्या खात्यात न टाकता लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी.

दुसरी पायरी : सांध्यांची चौकशी स्वतःच करणे

त्वचारोगतज्ज्ञांच्या वापरात ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. कधी एखादा सांधा सुजला होता का. संधिवात असल्याचे कोणा डॉक्टरांनी कधी सांगितले होते का. हातापायांच्या नखांवर खड्डे आहेत का. टाच दुखली होती का. आणि काही कारण नसताना हाताचे किंवा पायाचे एखादे बोट पूर्ण सुजून दुखले होते का. पाचांपैकी तीन उत्तरे ‘हो’ आली तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे असा संकेत आहे. नखे बिघडलेल्या माणसाचे एक ‘हो’ आधीच झालेले असते, त्यामुळे त्याने उरलेले चार प्रश्न दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारावेत.

यांतल्या दोन गोष्टी सहज निसटतात. पहिली म्हणजे पूर्ण बोटाची सूज. सांध्यापुरती गाठ न येता मुळापासून टोकापर्यंत अख्खे बोट फुगते, आणि पायाच्या बोटाला असे झाले की जोडवी रुतू लागतात किंवा निघेनाशी होतात. जोडवी घट्ट झाली हे वजन वाढल्याचे लक्षण समजून अनेक बायका ती सोनाराकडून सैल करून घेतात. एकाच पायाचे, एकाच बोटातले जोडवे घट्ट झाले असेल तर मात्र सोनाराआधी डॉक्टर गाठावा. बोट सुजू लागताच अंगठी आणि जोडवे काढून ठेवावे, कारण नंतर ती कापून काढावी लागतात. दुसरी गोष्ट टाचेची. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना टाच ठणकते आणि टाचेचे हाड वाढले असे निदान होऊन रुग्ण मऊ चपला घेऊन घरी येतो. त्या टाचदुखीच्या जोडीला सोरायसिस आहे ही माहिती हाडांच्या डॉक्टरांना द्यायची राहिलेली असते.

सुजेमुळे होणारे दुखणे आणि झिजेमुळे होणारे दुखणे यांत फरक करायला एक खूण उपयोगी पडते. झिजेचे दुखणे कामाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. सुजेचे दुखणे विश्रांतीनंतर जास्त असते, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहतात आणि हालचाल सुरू झाली की मोकळे होतात. चाळिशीच्या आत सुरू झालेली, पहाटे झोपेतून उठवणारी आणि चालल्यावर बरी वाटणारी कंबरदुखी याच प्रकारात मोडते. सकाळी चहाचा कप धरता येतो का, शर्टाचे बटण लावायला किती वेळ लागतो, नळाची चावी फिरवताना कोणते बोट दुखते, असे ठोस तपशील वहीत लिहून ठेवावेत. ‘सगळे अंग दुखते’ या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

तिसरी पायरी : योग्य डॉक्टर आणि तपासण्या

नखांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आणि सांध्यांसाठी संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, असे दोघे लागतात. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा रुग्ण बहुधा हाडांच्या डॉक्टरांकडे पोचतो. तिथे जायला हरकत नाही, पण सोरायसिसची हकिगत पहिल्याच वाक्यात सांगावी. मुंबईचे केईएम, पुण्याचे ससून, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचाविभागाची बाह्यरुग्ण सेवा असते आणि गरजेनुसार तिथूनच दुसऱ्या विभागाची चिठ्ठी मिळते.

‘हा संधिवातच आहे’ असे शिक्कामोर्तब करणारी एकही रक्ततपासणी या आजारासाठी नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात ओळखण्यासाठीच्या तपासण्या इथे बहुतेक वेळा निगेटिव्ह येतात; तेवढ्यावरून ‘तुम्हाला संधिवात नाही’ असे म्हणता येत नाही. ईएसआर आणि सीआरपी हे सूज दाखवणारे आकडेही अनेक रुग्णांत सामान्य मर्यादेत राहतात. उलट सोरायसिसमध्ये युरिक ॲसिड वाढलेले असू शकते, आणि पायाचे बोट सुजलेले असताना तो एक आकडा पाहून गाऊटचे, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीचे, औषध सुरू झाल्याची उदाहरणे नेहमी दिसतात. दोन्ही हात आणि दोन्ही पावले यांचा एक्स-रे सुरुवातीला काढून ठेवावा, कारण पुढच्या तुलनेसाठी तो लागतो. मात्र सुरुवातीच्या महिन्यांत तो स्वच्छ येणे शक्य असते. अशा वेळी सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये सूज दिसते. या संधिवाताच्या निदानासाठी २००६ मध्ये ठरलेल्या ‘कॅस्पर’ निकषांमध्ये सोरायसिस किंवा त्याचा कौटुंबिक इतिहास, नखांतील बदल, आरए फॅक्टर नसणे, पूर्ण बोटाची सूज आणि एक्स-रेमधील नवे हाड या गोष्टींना गुण दिलेले आहेत. म्हणून आईवडील, भावंडे, आजीआजोबा, काका, मामा यांच्यापैकी कोणाला असे चट्टे होते का, याची घरी चौकशी करून जावे. जुन्या पिढीत सोरायसिसलाही सर्रास गजकर्ण किंवा नायटा म्हणत, तेव्हा प्रश्न त्याही शब्दांत विचारावा.

निदानाला उशीर होऊ नये याला कारण आहे. आयर्लंडमधील रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानाला सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्या रुग्णांच्या सांध्यांची हानी आणि हालचालींवरची मर्यादा ही लवकर निदान झालेल्यांपेक्षा जास्त आढळली.

चौथी पायरी : फक्त नखे बिघडली असतील तर

दोन-तीन नखांतच दोष असेल आणि सांधे मोकळे असतील तर लावायच्या औषधांनी सुरुवात होते. क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड, कॅल्सिपोट्रिऑल, या दोन जातींच्या औषधांचे मिश्रण, टॅझारोटिन आणि टॅक्रोलिमस ही नेहमीची औषधे होत. औषध कुठे लावायचे हे मात्र नीट समजून घ्यावे. मुळाच्या दोषासाठी ते नखावर नव्हे, तर नखामागच्या कातडीच्या घडीवर चोळावे लागते, कारण नख तिथे खाली तयार होत असते. गादीच्या दोषासाठी सुटलेले नख जेवढे सुटले आहे तेवढे कापून औषध उघड्या गादीवर पोचवावे लागते. जाड नखाच्या माथ्यावर लावलेले मलम बव्हंशी वाया जाते. तीव्र स्टिरॉइड किती आठवडे लावायचे याची मुदत डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच बोटावर ते लावत राहिल्याने कातडी पातळ होते आणि क्वचित टोकाचे हाडही झिजते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची एकत्रित मलमे तर पूर्णपणे टाळावीत. त्यांनी चार दिवस बरे वाटते, आणि पुढे निदानच गढूळ होते.

मुळाच्या दोषासाठी नखाच्या घडीत ट्रायम्सिनोलोन या स्टिरॉइडचे सूक्ष्म इंजेक्शनही देतात. ते परिणामकारक आहे आणि दुखते. बोट बधिर करून किंवा थंड फवारा मारून देण्याची विनंती करण्यात संकोच वाटू नये. तीनहून अधिक नखे बिघडली असतील, किंवा नखांमुळे लिहिणे, स्वयंपाक, शिवणकाम, वाद्य वाजवणे असे काम अडत असेल, तर अंगावर चट्टे थोडे असले तरी पोटातून घ्यायच्या औषधांचा विचार व्हायला हवा. ‘नखेच तर आहेत’ हे उत्तर इथे पुरेसे नाही.

पाचवी पायरी : सांधे धरले असतील तर

नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब यांसारख्या गोळ्यांनी वेदना आणि आखडलेपणा कमी होतो, पण सांध्याची हानी थांबत नाही. त्या जेवणानंतर घ्याव्यात आणि रक्तदाब, मूत्रपिंड किंवा जठराचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपवास करणाऱ्यांनी त्या दिवसांचे काय करायचे ते विचारून ठेवावे; रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला व्रण पाडू शकते. एखाद्याच सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देणे हा चांगला उपाय आहे. पोटातून स्टिरॉइड घेण्याचे प्रकरण निराळे. ते अचानक थांबवले तर सोरायसिस उसळून पूने भरलेल्या फोडांचे किंवा सर्वांग लाल होण्याचे गंभीर स्वरूप येऊ शकते. संधिवातावर हमखास इलाज म्हणून मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइडच मिसळलेले असते, आणि त्या बंद झाल्यावर नेमके हेच घडते.

मेथोट्रेक्सेट हे आजारालाच आवर घालणारे, भारतात सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. स्वस्त आहे, त्वचा आणि हातापायांचे सांधे या दोहोंवर चालते, नखांवर मध्यम परिणाम करते, आणि कंबरेच्या मणक्यांवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. या औषधातली सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची आहे, कारण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असणाऱ्या घरात ही गोळी चुकून रोज घेतली जाते. अशा चुकांनी रक्तपेशी झपाट्याने घटून मृत्यू झालेले आहेत. म्हणून वाराचे नाव डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावे, दुकानदाराने पाकिटावर ‘रोज १’ असे लिहिलेले नाही ना ते पाहावे, गोळ्या रोजच्या डब्यात न ठेवता वेगळ्या ठेवाव्यात आणि घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. घरात वयस्क रुग्ण असेल तर गोळी देण्याचे काम एकाच माणसाकडे असावे. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी घ्यावी आणि दोन्ही गोळ्या पिवळ्या व लहान असल्या तर पाकिटांवर जाड पेनाने नावे लिहावीत. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांची तपासणी लागते. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला आणि धाप, किंवा अंगावर रक्ताचे डाग दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी वापरले जाणारे को-ट्रायमोक्साझोल मेथोट्रेक्सेटबरोबर धोकादायक ठरते, तेव्हा कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर हे औषध चालू असल्याचे सांगावे. दारू बंद ठेवणेच शहाणपणाचे आहे.

यकृताचा विषय निघालाच आहे तर काढ्यांबद्दलही सांगितले पाहिजे. मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद काहीही असो, मेथोट्रेक्सेट चालू असताना काढा, भस्म किंवा चूर्ण डॉक्टरांपासून लपवून घेऊ नये.

सल्फासॅलॅझिन आणि लेफ्लुनोमाइड हे पुढचे पर्याय आहेत. ॲप्रेमिलास्टची गोळी आता भारतीय कंपन्याही बनवतात. ती १० मिलिग्रॅमपासून हळूहळू ३० मिलिग्रॅम दोनदा अशी वाढवतात, पहिल्या काही आठवड्यांत जुलाब आणि मळमळ होते, काहींचे वजन उतरते आणि काहींचे मन खिन्न होते. टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब या गोळ्या अधिक जोरकस आहेत. त्यांच्यामुळे नागीण उठण्याचा आणि काही रुग्णांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा वय, धूम्रपान आणि हृदयविकार पाहून त्या दिल्या जातात.

नखे आणि सांधे या दोहोंवर सर्वांत चांगला परिणाम जैविक इंजेक्शनांचा, म्हणजे सूज घडवणारे ठरावीक प्रथिन अडवणाऱ्या औषधांचा, दिसतो. ॲडालिमुमॅब, इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब हा एक गट, सेक्युकिनुमॅब आणि इक्सेकिझुमॅब हा दुसरा, गुसेलकुमॅब आणि उस्तेकिनुमॅब यांचा आणखी एक. झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये ॲडालिमुमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारे दुसऱ्या कंपनीचे औषध, भारतात आणले आणि त्यानंतर इतर कंपन्यांचीही आली, त्यामुळे किंमत पूर्वीच्या मानाने उतरली आहे. तरीही वर्षभराचा हिशेब आधी मांडूनच सुरुवात करावी. दोन डोस घेऊन पैशांअभावी थांबण्यापेक्षा परवडणारे दुसरे औषध सातत्याने घेणे बरे. विमा असल्यास बाह्यरुग्ण इंजेक्शन त्यात बसते का ते कंपनीकडून लेखी विचारावे.

आपल्याकडे या इंजेक्शनांच्या आधीचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा क्षयरोगाच्या तपासणीचा असतो. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात आणि विशेषतः पहिल्या गटातील औषधांनी ते जागे होऊ शकतात. छातीचा एक्स-रे, मांटू ही त्वचेची किंवा टीबी गोल्ड ही रक्ताची क्षयचाचणी, त्याचबरोबर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तपासण्या होतात. सुप्त क्षय आढळला तर प्रतिबंधक औषधे सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देता येते, आणि ती औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर ते सांगण्यात लाज धरू नये. उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे दिसले तर थांबून तपासणी करावी. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात घेता येत नाहीत, म्हणून राहिलेल्या लसींचा विषय आधीच काढावा. इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. दारात ठेवले तर तापमान बदलत राहते आणि बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवले तर ते गोठून वाया जाते.

मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी औषध बदलावे लागते, आणि हा विषय डॉक्टरांनी काढेपर्यंत थांबू नये. पुरुषांनीही विचारून घ्यावे.

सहावी पायरी : हातापायांची रोजची निगा

सोरायसिस असलेल्या कातडीला आणि नखाला मार लागला की आजार तिथेच उफाळतो. त्यामुळे नखे लहान, सुटलेल्या भागापर्यंत कापलेली आणि कानशीने गुळगुळीत केलेली असावीत. नखाखालची खपली सुईने, काडीपेटीच्या काडीने किंवा पिनेने कोरण्याचा मोह फार होतो. त्याने नख आणखी सुटते. मुळाजवळची कातडी पार्लरमध्ये मागे रेटू किंवा कापू देऊ नये, चिकटवलेली कृत्रिम नखे लावू नयेत. साधे नेलपॉलिश चालते. काळी मेंदी टाळावी, तिच्यातल्या रसायनाने कातडीला तीव्र दाह होऊ शकतो.

नखांची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. लसूण आणि मटार सोलणे, कोळंबी साफ करणे, नारळ खोवणे, तारेच्या घासणीने कढई घासणे या सगळ्यांत नखाचे टोक हत्यारासारखे वापरले जाते. लसणीच्या पाकळ्या सुरीच्या पात्याखाली दाबून सोलाव्यात, डबा उघडायला नखाऐवजी चमच्याचा दांडा वापरावा. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे घालावेत, कारण नुसत्या रबरी मोज्यात हात घामेजतात. काम झाल्यावर हात पुसून नखांच्या कडेला व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळावे. पावसाळ्यात ओल्या बुटांत दिवसभर राहिलेल्या पायांच्या सुटलेल्या नखांखाली जंतू वाढतात. नख हिरवट दिसू लागले तर तो सोरायसिस नसून जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. बूट पुढून रुंद असावेत आणि पुरते वाळवूनच पुन्हा घालावेत.

सांध्यांसाठी सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे सावकाश मिटणे-उघडणे उपयोगी पडते. पिळा भरून कपडे पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे, जड पातेले दोन्ही तळव्यांवर उचलावे, पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवावी. सांधा लाल आणि गरम असताना त्याला विश्रांती द्यावी, मालिश करून रगडू नये. एरवी चालणे आणि पोहणे चालू ठेवावे. जमिनीवर बसण्याचा आग्रह सोडून खुर्ची आणि उंच कमोड वापरण्यात कमीपणा नाही. वजन जास्त असलेल्यांनी ते उतरवले तर त्रास कमी होतो आणि औषधेही अधिक लागू पडतात, हे अभ्यासांत दिसले आहे. वांगे, दही, आंबट यांच्या पथ्याला मात्र तसा आधार नाही. त्यांच्यामागे लागून पथ्याचा धसका घेण्यापेक्षा तंबाखू सोडण्यात शक्ती घालवलेली बरी.

पाठपुरावा

या आजारात मधुमेह, रक्तदाब, चरबीयुक्त यकृत आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, तेव्हा त्यांच्या तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर डोळे आले असे समजून दुकानातून थेंब आणू नयेत. डोळ्याच्या आतल्या पडद्याची सूज असू शकते आणि नेत्रतज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवावे लागते. हात पुढे करायला, पैसे मोजताना नखे दिसायला संकोच वाटणे, लग्नाच्या बोलण्यांत नखे लपवणे हे या आजाराचेच भाग आहेत. झोप उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, आणि हे वाक्य घरच्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवणे अनेकदा जास्त उपयोगी पडते.

दर भेटीला एकच फाइल न्यावी, त्यात नखांची छायाचित्रे, सकाळी किती मिनिटे सांधे आखडतात याची नोंद, चालू औषधांची यादी आणि रक्ततपासण्या तारखेनुसार लावलेल्या असाव्यात. त्वचेची आणि सांध्यांची अशा दोन वेगळ्या फायली ठेवू नयेत. सांधे सहा महिने ते वर्षभर शांत राहिले तर डोस कमी करण्याचा किंवा इंजेक्शनांतले अंतर वाढवण्याचा विषय काढता येतो. पूर्ण बंद केल्यावर अनेकांचा आजार काही महिन्यांत परततो, म्हणून कपात एका वेळी एकाच औषधाची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पुढच्या तपासणीची तारीख ठरवूनच करावी.